एप्रिलच्या इनिंग कोण टाकणार?

लॉस एंजेलिस डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं बेसबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकली. तिसऱ्यांदा जिंकतील का, हे सगळेच विचारतात. माझ्या मावशीचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे: एप्रिलच्या इनिंग कोण टाकणार? मावशी मूळची दादरची, १९८० पासून लॉस एंजेलिसमध्ये. बेसबॉल ती रेडिओवर शिकली, व्हिन स्कलीचं समालोचन ऐकत. मी या खेळाकडे बऱ्याच उशिरा आणि आकड्यांच्या वाटेने आले. संघ दोघींचा एकच, पण पिचिंगबद्दल आमचं एकमत होत नाही. २०२६ च्या फेब्रुवारीत डॉजर्सचे पिचर आणि कॅचर ॲरिझोनातल्या ग्लेनडेलला सरावासाठी जमले, तेव्हा आमच्यात झालेलं बोलणं इथे मांडते आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी आधी थोडं सांगते. सामना नऊ इनिंगचा, हंगाम १६२ सामन्यांचा, आणि खेळ जवळजवळ रोज. म्हणजे एका संघाला वर्षाकाठी साडेचौदाशेच्या आसपास इनिंग पिचिंग करावं लागतं. सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे स्टार्टर, एकदा खेळला की पुढचे चार-पाच दिवस विश्रांती घेतो. म्हणून पाच किंवा सहा स्टार्टर पाळीपाळीने येतात. ते दमले की उरलेला सामना बुलपेनमधले पिचर सांभाळतात. एका वेळी संघात २६ खेळाडू, आणि त्यांत पिचर जास्तीत जास्त १३.

मावशी : नावं वाच बघू.

मी : यामामोतो, स्नेल, ग्लासनाउ, ओहतानी, सासाकी, शीहन. त्यांच्या मागे रोब्लेस्की. दुखापतीतून परतणारे गॅव्हिन स्टोन आणि रिव्हर रायन. शेवटच्या इनिंगसाठी एडविन डियाझ, तीन वर्षांचे ६ कोटी ९० लाख डॉलर मोजून आणलेला. मावशी, एवढी मोठी फळी मला दुसऱ्या कुठल्याच संघात दिसत नाही.

मावशी : ही झाली नावं. आता गेल्या वर्षीच्या इनिंग वाच.

मी : यामामोतो १७३. त्याच्या खालोखाल केरशॉ, ११२. ग्लासनाउ ९०, स्नेल ६१, ओहतानी ४७, सासाकी ३६.

मावशी : आणि केरशॉ निवृत्त झाला. म्हणजे तुझ्या यादीत शंभरी ओलांडलेला एकच माणूस उरतो. बाकीच्यांची नावं मोठी आहेत, पण काम अर्ध्या वर्षाचं आहे. घरात नऊ छत्र्या असून पावसात एकच उघडत असेल, तर मी त्यांना नऊ म्हणणार नाही.

याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं, कारण २०२५ चा एप्रिल आम्ही दोघींनी पाहिला होता. डॉजर्सनी सलग आठ सामने जिंकून सुरुवात केली. गतविजेत्या संघाने इतकी चांगली सुरुवात त्याआधी कधीच केली नव्हती. आठवा विजय २ एप्रिलला, अटलांटाविरुद्ध. पाच धावांनी मागे पडलेला तो सामना ओहतानीने शेवटच्या इनिंगमध्ये होमरन मारून जिंकून दिला. शहरभर त्या होमरनचीच चर्चा होती. मावशीचं लक्ष मात्र ब्लेक स्नेलकडे. पाच वर्षांच्या १८ कोटी २० लाख डॉलरच्या करारानंतरचा त्याचा तो दुसराच सामना होता, आणि तो चार इनिंगांतच बाहेर गेला. चार दिवसांनी तो खांद्याच्या दुखण्यामुळे जखमींच्या यादीत गेला आणि थेट ऑगस्टमध्ये परतला. एप्रिलच्या अखेरीस ग्लासनाउचा खांदा दुखावला, मे महिन्यात सासाकीचा.

मी : पण शेवटी काय झालं? ९३ सामने जिंकले, विभागात पहिले आले, वर्ल्ड सिरीज जिंकली. तीन स्टार्टर पडूनही संघ उभा राहिला. मागची फळी असते ती याचसाठी.

मावशी : ९३ जिंकले, आणि फिलाडेल्फियाने ९६. पहिल्या दोन संघांना पहिल्या फेरीची सुट्टी मिळते. आपल्याला मिळाली नाही. सिनसिनाटीशी जादा मालिका खेळावी लागली, त्यात स्नेलचा आणि यामामोतोचा हात खर्ची पडला. तीन सामन्यांनी हुकलं ग. ते तीन सामने एप्रिलमध्ये कुठे कुठे सांडले ते दाखवू तुला?

मी : २०२२ मध्ये १११ जिंकले होते. सुट्टीही मिळाली. आणि सॅन डिएगोने पुढच्याच मालिकेत घरी पाठवलं. २०२३ मध्ये १०० जिंकले, सुट्टी मिळाली, ॲरिझोनाने तीन सामन्यांत संपवलं. आठवतंय ना, त्या तीन सामन्यांत आपल्या तिन्ही स्टार्टरनी मिळून पाच इनिंगसुद्धा भरल्या नाहीत? एप्रिलच्या विजयांचा काय उपयोग झाला? ऑक्टोबरच्या बाद फेऱ्यांत टाकायला कुणी धड उरलंच नव्हतं.

मावशी : ते मी विसरणार नाही. केरशॉला पहिल्याच इनिंगमध्ये बाहेर काढावं लागलं होतं.

मला वाटतं, आमच्या वादाचं खरं मूळ त्या ॲरिझोनाच्या मालिकेत आहे. त्यानंतर संघाने ठरवल्यासारखे पिचर जमवले: ग्लासनाउ, यामामोतो, मग स्नेल, सासाकी. २०२४ च्या हंगामात डॉजर्सकडून चाळीस जणांनी पिचिंग केलं. वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा धड उभे असलेले स्टार्टर तीनच होते, आणि काही सामने अख्खे बुलपेनवर काढले गेले. मी त्याला नियोजनाचं यश मानते. मावशी त्याला नशीब म्हणते, आणि तिच्या म्हणण्यामागे फर्नांडो आहे.

मावशी : १९८१ साली मी इथे नवी होते, इंग्रजी बोलायला बिचकायचे. फर्नांडो वालेन्झुएलाला तर इंग्रजी येतच नव्हतं. वीस वर्षांचा, मेक्सिकोच्या एका खेड्यातला पोरगा. पहिले आठही सामने त्याने जिंकले. त्यांतले सात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकले, आणि पाचांत समोरच्यांना एकही धाव दिली नाही. हे सगळं एप्रिल-मे मध्ये! तुझ्या हिशेबात ज्या महिन्यांना काही किंमत नाही, त्या महिन्यांत.

मी : पण तो पहिला सामना मुळात त्याचा नव्हताच, मावशी. हंगामाचा पहिला सामना जेरी रॉइस टाकणार होता. आदल्या दिवशी त्याची पोटरी दुखावली, म्हणून फर्नांडोला उभं केलं. मागच्या फळीतून आलेलाच होता ना तुझा फर्नांडो?

मावशी : आलाच होता. नाही कुठे म्हणते? पण आल्यावर त्याला पाचव्या इनिंगला कुणी काढून घेतलं का? सामना त्याच्या हाती दिला होता. आता कुणाच्या हाती काही देतच नाहीत. मागून कुणीतरी येणारच आहे, म्हणून पुढच्याला सांगतात, जीव काढून टाक, पाच इनिंग पुरे. ताकद राखून टाकायला कुणाला सवडच नाही. तुझ्या मागच्या फळीमुळेच पुढच्या फळीचे खांदे जातात.

हे तिचं म्हणणं मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. मेजर लीग बेसबॉलने पिचर्सच्या दुखापतींची वर्षभर पाहणी करून डिसेंबर २०२४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. वेगाच्या मागे लागणं, चेंडूला जास्तीत जास्त वळण आणि फिरकी देण्याचा अट्टाहास, आणि प्रत्येक चेंडू पूर्ण जोर लावून टाकणं ही त्यात सांगितलेली मुख्य कारणं. २००८ मध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी ९१.३ मैल होता, २०२४ मध्ये तो ९४.२ झाला. २००५ मध्ये पिचर जखमींच्या यादीत जाण्याचे प्रसंग २१२ होते, २०२४ मध्ये ४८५. म्हणजे मावशी रेडिओ ऐकत जे सांगत आली, तेच मोठ्या पाहणीतून निघालं.

तरी मी हार मानली नाही, कारण जुना काळसुद्धा हातांना जपणारा नव्हता.

मी : फर्नांडोने १९८६ मध्ये वीस सामने शेवटपर्यंत टाकले. १९८८ मध्ये खांदा गेला. सँडी कूफॅक्सने १९६६ मध्ये ३२३ इनिंग टाकल्या, २७ सामने जिंकले, आणि तिशीत निवृत्त झाला, कारण कोपरात संधिवात. त्या हातांचा हिशेब कोण ठेवणार? टॉमी जॉन आपलाच. १९७४ मध्ये आपल्याच डॉक्टरांनी, फ्रँक जोब यांनी, त्याच्या उजव्या हातातला टेंडन काढून डाव्या कोपरात बसवला. त्याआधी असं कुणा पिचरवर कधी केलं नव्हतं. आयुष्यातल्या २८८ विजयांपैकी १६४ त्याने त्यानंतर मिळवले. ती शस्त्रक्रिया नसती तर एकाच मोसमानंतर विसरले गेलेले किती जण असते!

मावशी : आणि आज तीच शस्त्रक्रिया पोरं विशीत करून घेतात, दोनदा करून घेतात. वॉकर ब्यूलरची दोनदा झाली. रिव्हर रायन तर मोठ्या संघात आला आणि महिन्याभरात टेबलावर गेला. टॉमी जॉनसाठी ती शेवटची आशा होती. आता संघ ती धरूनच चालतो: इतके मोडणार, म्हणून इतके जमवा. मला याचा राग येतो. फर्नांडो ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला, वर्ल्ड सिरीज सुरू व्हायला तीन दिवस होते. त्या वेळी मला सारखं वाटायचं, याचा हात आज असता तर त्याला किती इनिंग टाकू दिल्या असत्या?

इथे मी ओक्लाहोमा सिटीचा विषय काढला, कारण मागच्या फळीबद्दल बोलताना सगळे मोठ्या करारांबद्दल बोलतात आणि हा भाग निसटतो. डॉजर्सचा खालचा संघ तिथे असतो. मोठ्या संघात कुणी दुखावलं किंवा बुलपेन थकलं की तिथून एखादा पिचर विमानाने येतो, दोन-तीन इनिंग टाकतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी परत जातो. परत पाठवलेल्या पिचरला, कुणी जखमी झाल्याशिवाय, पंधरा दिवस वर आणता येत नाही. एका खेळाडूला हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा असं खाली पाठवता येत नाही. त्यामुळे एप्रिलमध्ये कुणाला कधी खाली पाठवलं याचा हिशेब ऑगस्टमध्ये द्यावा लागतो. मला हा भाग अतिशय आवडतो. संघाची खरी ताकद मला तिथे दिसते, आणि कष्टही तिथेच जास्त दिसतात.

मावशी : मला त्या पोरांत पद्माकर शिवलकर दिसतो. शिवाजी पार्कवर मी त्याला टाकताना पाहिलंय. प्रथम श्रेणीत ५८९ विकेट, आणि भारताकडून एकही कसोटी नाही, कारण पुढे बिशनसिंग बेदी. मागची फळी मजबूत आहे असं आपण कौतुकाने म्हणतो, पण त्या फळीत उभं राहून कुणाचं तरी आयुष्य सरत असतं.

मी : शिवलकरला मुंबईने वर्षानुवर्षं खेळवलं तरी. पण विल क्लाइनचं बघ. गेल्या जूनमध्ये सिएटलकडून आलेला, कुणाला नावही माहीत नव्हतं. वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेऱ्यांत तो संघातही नव्हता. आणि तिसऱ्या सामन्यात?

मावशी : तिसऱ्या सामन्यात मी जागी होते.

आम्ही दोघी जाग्या होतो. टोरोंटोविरुद्धचा तो सामना अठरा इनिंग चालला, साडेसहा तासांहून जास्त. बुलपेन रिकामं झालं होतं. क्लाइन पंधराव्या इनिंगला आला आणि चार इनिंग टाकून गेला, ७२ चेंडू, एकही धाव न देता. मागची फळी म्हणजे काय हे एका रात्रीत दाखवणारा तो सामना. आणि त्याच वेळी बुलपेनमध्ये यामामोतो हात गरम करत होता, दोनच दिवसांपूर्वी अख्खा सामना एकट्याने टाकलेला असताना. डॉजर्सच्या फ्रीमनने अठराव्या इनिंगमध्ये होमरन मारला नसता तर एकोणिसाव्याला तोच आला असता. मावशीचा आणि माझा, दोघींचा मुद्दा एकाच मैदानावर उभा होता.

मावशी : यामामोतोने मिलवॉकीविरुद्ध अख्खा सामना टाकला, मग टोरोंटोविरुद्ध अख्खा. सहाव्या सामन्यात सहा इनिंग. आणि दुसऱ्याच दिवशी, सातव्या सामन्यात, नवव्या इनिंगला पुन्हा उभा. अकराव्यापर्यंत. इतकी वर्षं मला लोक सांगत होते, असे पिचर आता होत नाहीत.

मी : सातव्या सामन्यात त्याच्या आधी कोण कोण आलं ते आठव. ओहतानी, रोब्लेस्की, ग्लासनाउ, शीहन, स्नेल. मग यामामोतो. सहाच्या सहा जण स्टार्टर म्हणून खेळू शकणारे. एवढे जण होते म्हणून तो नवव्या इनिंगला येऊ शकला. आणि मिलवॉकीची मालिका घे. स्नेल, यामामोतो, ग्लासनाउ, ओहतानी, चार सामन्यांत चौघांनी मिळून दोन धावा दिल्या. चौघांपैकी तिघांनी हंगामाचा मोठा भाग पिचिंग केलंच नव्हतं. हात ताजे होते त्यांचे.

मावशी : दुखापतीला विश्रांती म्हणू नकोस. स्नेल चार महिने खांदा धरून बसला होता. तो काही ठरवून राखून ठेवला नव्हता.

हे वाक्य ऐकलं आणि माझ्या युक्तिवादातला कच्चा भाग माझ्यासमोर आला. मोडलेल्या हाताची जागा भरून काढणारी फळी आणि हात मोडूच नये म्हणून आधीपासून भार वाटून घेणारी फळी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेली दोन वर्षं डॉजर्सची फळी पहिल्या प्रकारची होती. जिंकले, पण तशी. या वर्षी ती दुसऱ्या प्रकारची करता येईल का, हा मला एप्रिलचा खरा प्रश्न वाटतो. त्यासाठी कारणही आहे: यामामोतोने गेल्या वर्षी ऑक्टोबर धरून २११ इनिंग टाकल्या. त्याच्या आदल्या हंगामात, खांद्याच्या दुखण्यामुळे, ऑक्टोबर सोडून ९०. आणि मार्चमध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिक होतं, त्यात तो जपानकडून खेळणार होता.

बुलपेनबद्दल आमचं फार लांबलं नाही. टॅनर स्कॉटला चार वर्षांचे ७ कोटी २० लाख डॉलर देऊन आणलं आणि त्याच्या हातून दहा वेळा आघाडी निसटली. विकत घेतलेली फळी कशी फसते याचा यापेक्षा स्पष्ट दाखला नको. डियाझ चांगला आहे, दोघींनाही मान्य.

मी : सहा स्टार्टर ठेवायचे. प्रत्येकाला आठवड्यातून एकदाच. आणि आपल्याला ते परवडतं, कारण ओहतानी बॅटरही आहे. दोन्ही करणारा खेळाडू तेरा पिचर्सच्या मर्यादेत मोजत नाहीत. इतर संघ सहावा स्टार्टर घेतात तेव्हा त्यांचं बुलपेन एका माणसाने कमी होतं. आपलं होत नाही.

मावशी : हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी : कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच तो सुरुवातीपासून पिचिंग करायच्या तयारीत आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये एका इनिंगने सुरुवात केली होती.

मावशी : मग एप्रिलभर यामामोतोला सहा इनिंगच्या पुढे जाऊ देऊ नका. अख्खा सामना त्याने ऑक्टोबरमध्ये टाकावा. बघ, हे मी म्हणते आहे. पण त्या उरलेल्या इनिंग शीहनला द्या, रोब्लेस्कीला द्या, आणि पूर्ण द्या. चौथ्या इनिंगला दोन माणसं बेसवर गेली की धावत जाऊन काढून घेऊ नका. अडचणीतून बाहेर कसं यायचं हे अडचणीत ठेवल्याशिवाय कुणी शिकत नाही.

मी : आणि सासाकी? ऑक्टोबरमध्ये शेवटच्या इनिंगला त्याने जे केलं ते पाहून मला वाटतं, त्याला घाईने स्टार्टर करू नये. फास्टबॉल आणि स्प्लिटर, भरवशाचे दोनच चेंडू आहेत त्याच्याकडे. बॅटर दुसऱ्यांदा समोर आला की ओळखतो. आधी ओक्लाहोमा सिटीला पाठवावं, तिसरा चेंडू शिकू द्यावा.

मावशी : नाही. त्याला इथेच टाकू दे. तिसरा चेंडू मोठ्या बॅटरसमोरच तयार होतो.

मी : तो हरेल, मावशी. गेल्या वर्षी आठ सामन्यांत किती जणांना फुकट बेस दिला बघितलंस ना? तूच म्हणतेस एप्रिलचे तीन सामने महागात पडतात.

मावशी : पडतात. पण स्नेल नसल्यामुळे गेलेला सामना आणि चोवीस वर्षांच्या पोराला सहाव्या इनिंगपर्यंत ठेवल्यामुळे गेलेला सामना, यांची किंमत माझ्या हिशेबी सारखी नाही. पहिल्यातून काही मिळत नाही. दुसऱ्यातून ऑगस्टला एक स्टार्टर मिळतो. सासाकीसाठी तीन सामने मी बाजूला ठेवलेत. चौथ्यानंतर पाठव तुझ्या ओक्लाहोमा सिटीला.

मी : पाच ठेव. तीनमध्ये काहीच कळत नाही, आकडे तेवढे स्थिर होत नाहीत.

मावशी : चार. आणि त्या चारांत किमान एकदा त्याने सहावी इनिंग संपवली पाहिजे.